खळ लावलेली बाजू

आज दुकानात खळ शिजत होती आणि त्या आंबूस वासानं मला तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

संगीत नाटकांची पदं लिहिणाऱ्या एका कवींना मी पत्र टाकलं होतं. त्यांचं स्वहस्ते लिहिलेलं, पाठपोट उत्तर आलं. पुढं माझं कौतुक. मागं, ‘पुण्याला ये, पदं रचायला शिकवतो.’

कारंजा गावात आमचं फोटो-फ्रेमचं दुकान. अब्बांनी दोन्ही बाजू वाचल्या आणि मागच्या बाजूला खळ फासली.

“काहून रडून राह्यली, बेटा? साऱ्या गावाले दिसू दे तुहं कौतुक.”

पुठ्ठ्यावर दाबलेल्या ओल्या कागदातून ‘ये’ उलटा दिसला. वाळल्यावर तोही गेला.

आजही मी त्याच फ्रेमखाली बसते. गिऱ्हाइकं वाचून वाहवा करतात. अब्बांना दोष देता आला असता. पण सुरकुती पडू नये म्हणून कागदाचे कोपरे मीच ताणून धरले होते.