आमच्या ह्यांची बोट

आमच्या ह्यांचं नाव शिवशंकर. साठीत नवऱ्याचं नाव घ्यायला कसली आलीय लाज, म्हणून घेतलं. बत्तीस वर्सं एस.टी.च्या वर्कशॉपात मिस्त्री होते. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचे. आन् रिटायर झाले तसे ओसरीतल्या निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जे बसले, ते बसलेच. चहा दिला तर पिले, न्हाई दिला तर मागितला न्हाई. डाक्टर म्हणले, ह्यांना काहीच झालेलं न्हाई. मी म्हणलं, आवो तेच तर झालंय!

दीड वर्स असं गेलं. मंग हैदराबादला भाच्याच्या लग्नाला गेलो, तर तिथं तळ्याकाठी एका क्लबाच्या आवारात ह्यांना ही बोट दिसली. सोळा फुटी, फायबरची, तीसेक वर्सांची, टाकून दिलेली. खाली दोन चाकांची ट्रॉली, तिच्यात चिमण्यांची घरं. लोक लग्नाहून साड्या आणतेत, मिठाई आणतेत. आमी बोट आणली. भाच्याच्या जीपला अडकवून पार आमच्या सेलूपस्तोर! टोलनाक्यावरच्या माणसानं विचारलं, "काका, तुमच्याकडं समुद्र कुठं निघाला?" मी पदर तोंडावर घेतला.

पर खरं सांगते, त्या दिवसापासून खुर्ची रिकामी पडली. ह्यांनी ट्रॉलीला जीपची चाकं बसवली. फाटकं शीड बाजारातल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलं. सुकाणू घासून घासून चकचकीत केलं. माणूस जेवताना बोलायला लागला, भाजीत मीठ कमी हाय म्हणून भांडायला लागला. मी वरून चिडायची, "जळलं मेलं ते खोकं!" आन् आतून देवाचे पाय धरायची.

दुधनेच्या धरणावर बोट उतरवली तवा ही गर्दी बघायला! ह्यांचा इरादा साधा होता. समोरच्या काठावरच्या पंपहाऊसला जायचं आन् मागं यायचं. ह्यांनी बोटीचं नाक सरळ पंपहाऊसकडं धरलं, शीड करकचून ओढलं. शीड नुसतं फडफडलं, आन् बोट मागं मागं सरकत बाभळीच्या काट्यात जाऊन घुसली. तिथं मासे धरणारे बन्सीधरभाऊ हायेत, त्यांनी दोरी लावून ओढून आणलं. दुसऱ्या येळंला तसंच. तिसऱ्या येळंला बी तसंच. दर बारीला हे म्हणायचे, "दोष गाडीत हाय." घरी आणून पुरी बोट खोलायचे, शिडाच्या दोरीच्या कप्प्यांना ग्रीस लावायचे, पुन्हा जोडायचे. बन्सीधरभाऊ तर ह्यांना आलेलं बघितलं की दोरी खांद्यावर टाकूनच बसायचे.

चौथ्या बारीला बी फजिती झाली तवा ह्यांनी बोट घरी आणलीच न्हाई. काठावर ट्रॉलीवर सोडली, घरी आले, हात धुतले, आन् खुर्चीत जाऊन बसले.

त्याच हप्त्यात अंगदराव आले. हायवेला धाबा हाय त्यांचा. म्हणले, बोट द्या, दारात उभी करतो, लायटिंग लावतो, पोरं फोटो काढतील. हे खुर्चीतूनच म्हणले, "न्या." लोकांच्या हसण्यानं मी बी बेजार झालते. रागाच्या भरात मी बोलून बसले, "आइतवारी बारा वाजता धरणावर या, शब्द दिला." रात्रभर मला झोप न्हाई. माझ्याच जिभेनं मी त्या माणसाला पुन्हा खुर्चीत बसवलं होतं.

आइतवारी सकाळी हे म्हणले, "देण्याआधी एकदा पाण्यात धुऊन देतो." आमी आटोनं निघालो. माझे गुडघे दुखतेत, काठावर बसायला म्हणून तीच निळी खुर्ची सोबत घेतली. बन्सीधरभाऊंनी बोट ढकलायला हात लावला. ह्यांनी शिडाची दोरी धरली, आन् दुसऱ्या हातानं बोटीला थोपटलं, घरची गाय इकताना थोपटावी तसं. मला बघवलं न्हाई. खुर्ची तिथंच टाकली आन् बोटीत चढले. ह्यांनी लुगड्यावरून नारिंगी फुगीर जॅकेट बांधलं मला. काय ध्यान दिसले असेन!

थोडं आत गेलो आन् शीड लागलं फडफडायला. ह्यांनी लगेच पिशवीतून पाना काढला.

"पाना ठिवा आधी खाली!" मी वरडले. "वाऱ्याकडं तोंड करून कोणी उभं ऱ्हातं का?"

मी ताडकळसची. बापाच्या रानात जवारी उपणायला तिपाईवर मीच चढायची, पाटीतून दाणा सोडायची. तोंडावर वारं घेतलं की सगळं भूस डोळ्यात. वारं कुशीवर घ्यायचं, तवा दाणा खाली पडतो आन् भूस बाजूला जातं. ही अक्कल मला बाराव्या वर्सी होती, आन् ह्यांनी साठीत तीन बाऱ्या बोट खोलली!

"आडवं घ्या," मी म्हणलं. ह्यांनी सुकाणू फिरवलं. शीड गप्पकन फुगलं, बोट एका अंगाला कलली, मी "अगं माय!" करून ह्यांचा दंड धरला. आन् बोट चालली. इंजिन न्हाई, आवाज न्हाई, नुसतं पाणी सळसळायलं.

"आगं पर आपुन पंपहाऊस सोडून भलतीकडंच जायलोत," हे म्हणले. मंग मधीच थांबले. "थांब. घाटात गाडी सरळ चढवतेत का? हा तर घाट हाय!" एकदा इकडं तिरपं, वळण, एकदा तिकडं तिरपं. उभ्या जवारीत वारं येताना दिसतं तसं मला पाण्यावर दिसायचं. मी म्हणायची "आलं", हे दोरी धरायचे. पंपहाऊसच्या भिंतीला मी हात लावला तवा हे मोठ्यानं हसले. किती दिसांनी ऐकलं ते हसणं! मी रडले, खोटं कशाला बोलू.

येताना वारं पाठीवर होतं. काठावर बन्सीधरभाऊ उभे होते, खांद्यावर दोरी न्हाई. बाजूला अंगदरावांचा टेम्पो.

"काकू, शब्द दिलाय तुमी," अंगदराव म्हणले.

हे खाली उतरले. बोटीच्या कडंवरचा हात मातर काढला न्हाई. शब्द माझा होता.

"दिलाय की," मी म्हणलं. "रिकाम्या हातानं कशी लावून देईन तुमाला?" मी काठावरची निळी खुर्ची उचलली आन् टेम्पोत नेऊन ठेवली. "ही न्या धाब्यावर. आमच्या घरी हिच्यात बसायला आता कोणी न्हाई."