एक मोबाईल, एक माणूस

नगरच्या एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे. दुसऱ्यांच्या अ‍ॅपमध्ये बसवायचा मोजणीचा कोड आम्ही लिहितो. अ‍ॅप कोणी उघडलं, किती वेळ वापरलं, हे तो मोजतो. अँड्रॉइड असो की आयफोन, दोन्हींवर तो सारखाच चालला पाहिजे.

त्यात माणूस ओळखायचा कसा, यावर मी मीटिंगमध्ये भांडले होते. चळवळीतल्या घरात मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेय, गप्प बसणं जमत नाही. लोकांचं नाव सारखं सारखं आपल्याकडे यायलाच नको, पहिल्या लॉगिनला एकदा घ्या आणि त्या मोबाईलला जोडा, पुढचं सगळं त्याच नावावर मोजा, असं माझं म्हणणं.

"मॅडम, मोर्चा नंतर काढा, आधी कोड द्या," सर म्हणाले. पण अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे तेच सोपं पडत होतं, म्हणून मान्य झालं. त्या दिवशी मी लढाई जिंकल्यासारखी घरी गेले.

तो कोड पोलीस भरतीच्या अभ्यासाच्या एका अ‍ॅपमध्ये गेला. नियमित अभ्यास करणाऱ्यांना नगरमध्ये मोफत क्लास आणि राहायची सोय मिळणार होती. पाथर्डीकडची माझी मामेबहीण त्यासाठी झटत होती. क्लास मिळाला नाही, तर मामा तिला ऊसतोडीला बोलावून घेणार होते. मामा-मामी फडावर गेले की घरातला एकुलता एक मोबाईल त्यांच्यासोबत जायचा. मग ती शेजारच्या काकूंचा मोबाईल मागून आणायची, स्वतःच्या नावानं लॉगिन करायची आणि रोज पहाटे प्रश्न सोडवायची.

आमच्या मोजणीवरून यादी लागली. तिचं नाव नव्हतं, काकूंच्या मुलाचं होतं. त्यानं काकूंच्या मोबाईलवर ते अ‍ॅप एकदाच उघडलं होतं, पण तिच्या आधी.

तिचा फोन आला तेव्हा मागून काकूच ओरडत होत्या, "धा मिन्टं बी बसला न्हाई गं त्यो! कुत्रं भुकलं तरी घरात पळतंय, ह्ये कसलं पोलीस हुतंय!"

मी सरांकडे गेले. "तिचा अभ्यास वेगळा काढणार कशातून?" ते म्हणाले. "आपण नाव परत घेतलंच नाही ना."

रविवारी एसटीनं गावी गेले. हा नियम माझाच, असं तिला सांगितलं. ती फडावर न्यायचं सामान बांधत होती.

"ताई, आमच्यात एकच मोबाईल हाय, तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

माहीत होतं. दिवाळीत मामांच्या मोबाईलवर ते अ‍ॅप मीच टाकून दिलं होतं.

तिनं गोधडीची वळकटी पुढं सरकवली. मी दोरी आवळून धरली, तिनं गाठ मारली.