खंडेनवमीचे बूट

कंपनीची बस चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला अडकली होती, तेव्हा मालदीवहून फोन आला. पलीकडे अण्णाच्या फुटबॉल संघातला गोलकीपर होता. तमिळमध्ये म्हणाला, "अण्णा गेले." आणि माझ्या तोंडून निघालं, "आता कुठल्या देशात?" ... माझ्या थोरल्या भावाने, सुधाकरने, उभ्या आयुष्यात जाण्यापलीकडे केलं काय होतं? सराव करताना छातीत कळ आली आणि तो मैदानातच कोसळला, हे त्या बिचाऱ्याला मग मला समजावून सांगावं लागलं. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात. गेले काही आठवडे घरी येणारे सगळे तेच करताहेत. मी करणार नाही.

"देशाचं नाव काढलं हो पोराने," असं भेटायला आलेले म्हणतात. कसलं नाव? बांगलादेश, मलेशिया, मालदीव... जिथे एका मोसमाचा करार मिळेल तिथे हा बॅग उचलून जायचा. कोणी जखमी झालं की त्याच्या जागी खेळायचा, तो बरा झाला की पुन्हा बाकावर. तिथल्या लोकांना तो 'इंडियावाला', आणि इथे चेन्नईत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आज गहिवरणाऱ्या याच मंडळींनी तो जिवंत असताना आईला विचारलं होतं, "अजून चेंडूच लाथाडतो काय तुझा पोरगा?" तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता जास्त येतो.

आम्ही तंजावरकडचे मराठी. अंबत्तूरला अप्पांचं लेथचं लहानसं वर्कशॉप होतं आणि आमच्या घरी दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. त्या दिवशी मशीन बंद. लेथ पुसून त्याला गंध-कुंकू लावायचं, पाने, पकडी, कानशी देवापुढे मांडायच्या, दारात कोहळा फोडायचा. ज्याचं पोट ज्यावर, ते त्याने पुजावं, एवढा साधा नियम. अण्णाला बाहेरदेशी पहिला करार मिळाला त्या वर्षी त्याने आपले बूट घासूनपुसून, नव्या लेस ओवून, पान्यांच्या रांगेत नेऊन ठेवले.

अप्पा हातातली उदबत्ती घेऊन तसेच उभे राहिले. "काय रे हें? चप्पल स्वामीपुढे ठिवतोस?"

"चप्पल नव्हे, अप्पा. माझं आयुध तें."

"आयुध हातांत असतें रे. पायांत नाहीं."

आणि त्यांनी पकडीने, हो, हात विटाळू नये म्हणून पकडीने, ते बूट उचलून फाटकाबाहेर फेकले. आई "अय्यो, सणादिवशी..." म्हणत राहिली.  बूट तिथेच टाकून अण्णा निघून गेला. आईने ते गुपचूप आणून माळ्यावर ठेवले. तेव्हापासून दसऱ्याला तो कधी घरी आला नाही. चूक अप्पांचीच होती, मला कबूल आहे. पण अप्पांना पक्षाघात झाला, त्यांना भरवणं, पुसणं, दवाखाना, सगळं माझ्या, धाकट्या बहिणीच्या, गळ्यात पडलं, ते काही अप्पांनी बूट फेकले म्हणून नव्हे. हा आला नाही म्हणून.

अप्पांच्या शेवटच्या खंडेनवमीला ते अडखळत म्हणाले, "त्याचे बूट... आण. लेथाजवळ ठीव." मी तिथल्या तिथे फोन लावला. "अण्णा, अप्पा तुझे बूट पूजेला ठिवा म्हणतात. तूं ये."

 तो म्हणाला, "धुतलेत काय?"

"तूं ये आणि धू."

"सेमीफायनल आहे ग. संपलं की येतों."

संपल्यावर आला. अप्पांच्या तेराव्याला. अग्नी मी दिला होता.

मागच्या महिन्यात तो गोलकीपर अण्णाची बॅग द्यायला घरी आला. सभ्य मुलगा, बरेच मोसम अण्णाबरोबरच खेळलेला. त्याला वाटलं, आठवणी सांगितल्या की बरं वाटेल. त्या सेमीफायनलचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "त्या मॅचला अण्णा राखीव होते, अक्का. उतरलेच नाहीत." म्हणजे बापाला सोडून हा बाकावर बसायला थांबला होता. मग त्याने बॅगेतून बूट काढले. पुढच्या टोकांवर गंधाचे आणि कुंकवाचे थर, जुन्यावर नवे, वाळून खपल्या झालेले. "दरवर्षी एक दिवस खोलीत बूट मांडून पूजा करायचे. आम्ही हसायचो. अण्णा म्हणायचे, घरी आज हेच चाललंय."

आई रडली. मला रडू आलं नाही, अंगाचा भडका उडाला. तो विसरला असता तर मी त्याला कधीच माफ केलं असतं. पण त्याला तिथी ठाऊक होती, वेळ ठाऊक होती, आम्ही आत्ता काय करत असू तेही ठाऊक होतं... आणि तरी तो आला नाही.

यंदा घरात सण नाही. पण आयुधांना गंध लावायला सण कशाला हवा, असं आई म्हणाली. वर्कशॉप उघडलं, लेथ पुसला, पाने मांडले. आईने माळ्यावरचा जुना जोड ठेवला, तिने दरवर्षीसारखा पुसून लख्ख केलेला. त्याच्या शेजारी मी बॅगेतला जोड ठेवला. तळाला मालदीवची वाळू तशीच चिकटलेली होती.

धुतले नाहीत.