चार पट्ट्यांची गाडी घेऊन चिखलदऱ्याला

चिखलदऱ्याला कधी जावं, असं मला वाचक अधूनमधून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: हिवाळ्यात जा, अमरावतीहून परतवाड्यावरून जा, आणि शक्य असेल तर उघड्या गाडीतून जा. हे तिसरं ऐकून लोक हसतात. पण आम्ही तसेच गेलो होतो, एकसष्ट-बासष्टच्या हिवाळ्यात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. आणि आमची गाडी नुसती उघडी नव्हती, चट्टेरीपट्टेरीही होती.

आमचे हे, म्हणजे दौलतराव, अकोल्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. परीक्षेच्या कामाला अमरावतीला गेले आणि तिथल्या एका कापूस-प्रेसच्या मॅनेजरच्या अंगणात त्यांनी ती पाहिली. दोन सीटांची, कापडी छताची, जमिनीला टेकलेली इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. (कंपनीचं नाव लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं तर जाणकार मंडळी कमेंटमध्ये आठवडाभर भांडत होती.) मॅनेजर मुलीकडे पुण्याला कायमचा निघाला होता आणि गाडी मिळेल त्या भावात काढणार होता. हे घरी आले ते हवेतच. पंखा दुरुस्त करायलाही तीन दुकानं फिरणारा माणूस, पण गाडीबद्दल एका रात्रीत ठरवून मोकळा झाला. मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

अकोल्याहून पहाटेची एस्टी घेतली. मूर्तिजापूरला चहा घेतला आणि बडनेऱ्याच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगेत तासभर अडकलो. कापसाच्या दिवसांत या रस्त्याला निघालात तर सोबत डबा असलेला बरा. आमच्या डब्यात भाकर, ठेचा आणि कांदा होता, आणि समोरच्या बाकावरच्या बाईंनी त्यात तिळाची चटणी घातली.

गाडी मूळची लाल, पण उन्हाने विटून फिकट गुलाबी झालेली. मॅनेजर म्हणाला, इंजिन उत्तम आहे, फक्त रंग नव्याने देऊन घ्या. म्हणून आम्ही ती तशीच रंगवाल्याकडे नेली. रहीमभाई ट्रकांना रंग द्यायचे. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर बोट फिरवलं आणि विचारलं, "कोणता द्यायचा, प्रोफेसर साहेब?"

"करडा," हे म्हणाले.

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं.

"करडा तं सरकारी जीपचा असते," रहीमभाई म्हणाले. "या गाडीले करडा म्हंजे नवरीले सुतकाचं लुगडं. काहून बाप्पा?"

"मळखाऊ असतो," हे म्हणाले. "धूळ दिसत नाही."

आता सांगा. जन्मात एकदा स्पोर्ट्‌स कार घ्यायची आणि ती कुणाच्या लक्षात येऊ नये असा रंग लावायचा! मी तिथेच भांडायला लागले. मी अमरावतीची; आमच्याकडे नवऱ्याशी भांडायला घरी जाईपर्यंत थांबत नाहीत. लाल द्या, पिवळा द्या, काहीही द्या, पण करडा नको. रहीमभाईंनी निळा सुचवला, तर त्यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं. निळा आमच्या झेंड्याचा. त्याचा मान वेगळा, त्यावर चिखल उडवत फिरायचं नाही.

शेवटी रहीमभाईंनीच तोड काढली. त्यांच्याकडे दोन ट्रक आधीचे होते, चार दिवस तरी हात लागणार नव्हता. त्यांनी बॉनेटवर चार रुंद पट्टे ओढले: करडा, लाल, पिवळा आणि बाटलीचा हिरवा. म्हणाले, "फिरून या. उन्हात पाहा, धुळीत पाहा. मंग सांगा." अशी आमची चिखलदऱ्याची सहल ठरली. ठरवून गेलो असतो तर इतकी मजा आली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. परतवाड्यापर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना तूर फुललेली, मध्ये संत्र्याच्या बागा. गाडी इतकी ठेंगणी की बंडीच्या चाकाचा आस माझ्या डोळ्यांसमोर यायचा. बैल बुजायचे, बंडी हाकणारे धुरकरी ओरडायचे आणि मग बॉनेट पाहून हसायचे. एकाने बंडी बाजूला घेऊन विचारलं, "काय होय हे, सर्कस होय का?" यांनी मान खाली घातली. मी सांगितलं, "रंग पसंत करून राह्यलो, भाऊ. कोणता चांगला दिसते?" त्याने गंभीरपणे विचार करून हिरव्याला मत दिलं आणि कासरा ओढला.

असेगाव ओलांडल्यावर एका फाट्याशी यांनी टोपी कपाळावर ओढली आणि गाडी अशी दामटली की माझा पदर उडून मागे गेला. तो फाटा यांच्या गावाचा होता. आत दोन मैलांवर माझे सासू-सासरे राहायचे. मी म्हटलं, अहो, घर राहिलं! "परतताना पाहू," एवढंच बोलले.

परतवाड्यात आलूबोंडे खाल्ले. (खा. गरमच खा, आणि सोबतची कढी सोडू नका.) मग घाट. वळणावळणाला थंडी वाढत गेली, सागाची पानं रस्त्यावर वाजत होती, आणि इंजिनाच्या उबेवर पाय ठेवून मी गात होते. माझा आवाज फार बरा नाही, पण उघड्या गाडीत ते कुणाला कळत नाही. डाक बंगल्यात खोली मिळाली. तिथल्या खानसाम्याने तिथल्याच बागेतली कॉफी दिली, कडू आणि दाट. सकाळी दरीच्या काठावर गाडी उभी केली, तर धुक्यात करडा पट्टा नाहीसा झाला आणि बॉनेटला भगदाड पडल्यासारखं दिसायला लागलं. मी हसत सुटले. हे हसले नाहीत.

ऊन वर आल्यावर दगडावर बसून यांनी सांगितलं. यांच्या काकांच्या लग्नात आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेने गुलाबी फेटा घेतला होता. गावच्या चावडीसमोर एका पाटलाने वरात थांबवली आणि तो फेटा उतरवायला लावला. तुमच्या लोकांनी फेटा बांधायचा नाही, म्हणाला. आबांनी तो हसत हसत उतरवला, घडी करून काखेत घेतला, आणि पुढे चालू लागले. हे तेव्हा आठ वर्षांचे होते, आबांचं बोट धरून. "त्यानंतर आमच्या घरी कापड घेताना आई दुकानदाराला एकच सांगायची," हे म्हणाले, "मळखाऊ द्या. मला वाटायचं, ते खरंच मळासाठी असतं."

मी त्यांचा हात घट्ट धरून बसले. रागही आला आणि रडूही. पण उतरताना घाटातच मी सांगून टाकलं की फाट्यावर गाडी आत वळली नाही तर मी उडी मारीन. गाडी आत वळली.

गावातून सरळ रस्ता होता, चावडीवरून जाणारा. यांनी तो सोडून नाल्याकाठची गाडवाट धरली आणि मागच्या बाजूने आमच्या वस्तीत गाडी आणली. अर्धी वस्ती गोळा झाली. सासूबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मांगं जागाच नाही? लेकरंबाळं कुठी बसतीन?" मग वांग्याचं भरीत झालं, ज्वारीची भाकर झाली, आणि सगळं होईपर्यंत आबा बाहेर गाडीपाशी उभे होते. काटकुळे, शांत, मातकट सदऱ्यातले आबा. चारही पट्टे त्यांनी तळहाताने चाचपून पाहिले.

"कोणता ठरवला?" त्यांनी यांना विचारलं.

"करडा," हे हळूच म्हणाले.

आबा आत आले. हात धुतले, जेवले, आणि मग सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसले. "चाल, दवलत. फिरव मले."

मी कुठे राहणार? मागे गुंडाळलेल्या छतावर चढून बसले. हे नाल्याकडे वळायला लागले, तसं आबांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "इकून नको. गावातून घे."

"आबा, राहू द्या ना."

"गावातून घे म्हणलं ना."

यांच्या मानेवरच्या शिरा मला मागून दिसत होत्या. गाडी चावडीकडे निघाली, अगदी सावकाश. पारावर सात-आठजण बसलेले. त्यांतले एक म्हातारे पाटील उठून रस्त्यात आले. फेटा उतरवायला लावणारा केव्हाच वारला होता. हे त्याचेच धाकटे भाऊ. गाडी थांबली.

"काय गा, कोणाची मोटर होय?"

"माह्या पोराची," आबा बसल्या जागेवरून म्हणाले. उठले नाहीत.

पाटलांनी गाडी मागून पुढून पाहिली. "अन् हे पट्टे? कोणता रंग देऊन राह्यले?"

यांनी तोंड उघडलं होतं. आबांनी त्यांच्या आधी उत्तर दिलं.

"पिवळा. लाल दिला तं लोकाइले वाटन एस्टी आली. पिवळा देऊन राह्यलो, तुमाले वावरातून बी दिसन."

पारावर कुणीतरी फस्सकन हसलं. मग पाटीलही ओशाळून हसले आणि म्हणाले, "एखांदी चक्कर मले बी मारू दे मंग."

"रंग झाल्यावर या," आबा म्हणाले. "चाल, दवलत."

गावाची वेस ओलांडेपर्यंत आबा ताठ बसले होते. नंतर मोठ्याने हसायला लागले, मांड्यांवर थापा मारत. आबांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि यांनीही नव्हतं. हे गाडी चालवत होते आणि बाहीने डोळे पुसत होते. मी मागून दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले.

रहीमभाईंनी पिवळा उत्तम दिला, दोन हात जास्तीचेच मारले. ठरल्या दिवशी गाडी घेऊन आम्ही अकोल्याला परतलो. ती पुढे बरीच वर्षं आमच्याकडे होती. लेकरंबाळं खरंच कुठे बसेनात तेव्हा विकली. आज तोच रस्ता रुंद झालाय आणि परतवाड्याला पोचायला निम्मा वेळ पुरतो. जाऊन या, थंडीचे कपडे न्या, कॉफी प्या.

तो रंग कुणी निवडला, असं पुढे किती तरी जणांनी विचारलं. पण मला आठवते ती अकोल्यातली पहिली संध्याकाळ. गाडी दारात उभी करून हे फडक्याने पुसत होते. शेजारचे वकील काठी टेकत आले आणि म्हणाले, "प्रोफेसर, गाडी झकास, पण फार डोळ्यांत भरते हो."

मी उत्तर द्यायला पुढे सरले होते. तेवढ्यात हे फडकं खांद्यावर टाकून सरळ उभे राहिले.

"भरू द्या," ते म्हणाले.