हिरवी वायर

वडगावात आम्हा दोघा भावांचे माग एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहेत. धाकट्यानं गेल्या वर्षी मागावर एलईडी पट्ट्यांची भलीमोठी चौकट टांगली. तेव्हापासून माझ्या मागावरची साडीसुद्धा गिऱ्हाईक रंग बघायला त्याच्याकडं नेऊ लागलं. माझ्या ट्यूबलाइटखाली जांभळा रंग काळाच दिसायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा तो कौतुकानं सगळं दाखवायला लागला. घरची वीज आधी फ्यूजमधून एका जाळीच्या डब्यात जाते, तिथं चोवीस व्होल्ट होऊन पट्ट्यांना मिळते. शिवाय धातूच्या चौकटीला अर्थिंगची हिरवी वायर.

"लई शाणा झालास. वायर उगंच वाया घालवलीस," असं म्हणून मी खिशातला टेस्टर चौकटीला लावला. पेटू दे, असं मनापासून वाटत होतं. नाही पेटला.

घरी आलो आणि त्याच रागात टेस्टर माझ्या ट्यूबलाइटच्या लोखंडी पट्टीला टेकवला. तो लालभडक पेटला. त्या पट्टीखाली माझी बायको रोज मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायची.

मेन स्विच पाडला, दोन दिवस माग बंद ठेवला, पण धाकट्याला विचारलं नाही. तो जांबोटीला सासरवाडीला गेल्यावरच वायरमन बोलावला.

परत आल्यावर त्यानं माझ्या पट्टीची हिरवी वायर बघितली. "बरं केलास, अण्णा," एवढंच म्हणाला. हसला असता तर परवडलं असतं.