गंजलेल्या तारा

ती घटना आठवली नाही असा एकही आठवडा निवृत्तीनंतर गेलेला नाही.

नागपूरबाहेर एका पुलाचं काम चालू होतं. काँक्रीटचे ठोकळे एकापुढे एक लावायचे, आतल्या पाइपांतून पोलादी तारा ओवायच्या आणि जॅकने ताणायच्या. त्या ताणावरच तुळई उभी राहते. एका दुपारी सांधा उघडला, काँक्रीटचा तुकडा खाली पडला आणि एक मजूर जागीच ठार झाला. त्या वेळी जॅकवर उमरेडचा पन्नाशीतला एक विणकर होता. माग बंद पडल्यावर तो या कामाला लागला होता. याने तारा जास्त ताणल्या, असं म्हणत कंत्राटदाराने सगळं खापर त्याच्यावर फोडलं. आम्ही निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवून त्याला कोठडीत घातलं.

"मीटर पाहूनच ताणून राहिलो होतो, साहेब," एवढंच तो म्हणाला. मी टेबल आपटलं, नको ते बोललो. तो गप्प. गप्प माणूस म्हणजे गुन्हेगार, हा आमच्या खात्याचा लाडका समज. माझाही होता.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "त्या गड्याले सोडा. पाइप फोडून पाहा."

सरकारी इंजिनिअर आणि पंच घेऊन गेलो. तारा ताणल्यावर पाइपात सिमेंटचा घोळ भरावा लागतो, नाहीतर पाणी शिरून त्या गंजतात. पाइप फोडताच तांबडं पाणी ओघळलं. मधे दोन पावसाळे काम बंद होतं आणि त्याआधी ताणलेल्या तारांचे पाइप तसेच रिकामे राहिले होते. त्या तारा आतून सडून तुटल्या होत्या. रजिस्टरमध्ये मात्र घोळ भरल्याची नोंद, खाली सुपरवायझरची सही. पंचनामा समोर ठेवल्यावर तो तासाभरात बोलता झाला. न पाहताच सही केली होती.

विणकराला सोडताना मी विचारलं, "इतके दिवस काहून गप होता गा?"

"कोणाले सांगू, साहेब? मेला तो माहा रूम पार्टनर होता. माहं ऐकणारा तोच एक होता."

त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं. फाटकाशी तो बराच वेळ उभा होता. जीप दारातच होती, बसस्टँड दहा मिनिटांवर. पण मी सुपरवायझरविरुद्धचं दोषारोपपत्र लिहायला बसलो.

आता बायको गेली, मुलगा परदेशात. दिवसदिवस कोणाशी बोलणं होत नाही. गुन्हा उघड केला म्हणजे आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर मानलं. त्या माणसाला बसपर्यंत सोडायला हवं होतं. वाटेत तो बोलला असता, आणि मी ऐकलं असतं.