समुद्रावरचा आळ

श्रीरंग दातारला आयुष्यात सगळं जमलं, फक्त ‘मला येत नाही’ एवढं म्हणणं जमलं नाही. मूळचा गुहागरकडचा. नोकरी मुंबईला, फ्लॅट गोखिवऱ्यात आणि मान, त्याच्या मते, अख्ख्या वसई तालुक्यात. त्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यावरचं प्लॅस्टिक ह्यानं काढलं होतं. तेवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर हा गृहस्थ ‘कॉम्प्युटरकाका’ झाला. कुणाचा प्रिंटर अडो, कुणाचं वीजबिल ऑनलाइन भरायचं राहो, श्रीरंग चष्मा कपाळावर चढवून हजर. पैसे घेत नसे. चहा घेई, आणि चहा संपेपर्यंत कौतुक घेई. कौतुक आधी संपलं तर दुसरा चहा मागे.

त्याची बायको, यमुनावहिनी, म्हणायच्या, “ह्यांनी दुरुस्त केलेलं यंत्र आणि मी लाटलेली पुरणपोळी, दोन्ही फुटतात. फरक एवढाच, की मी कबूल करते.”

त्या वेळी आम्ही हसलो होतो.

राजोडीच्या फिलोमिना बाईंचा ह्या श्रीरंगवर भारी विश्वास. बाई शाळेत गणित शिकवायच्या. श्रीरंगचा हर्षवर्धन दहावीला गणितात तरला तो त्यांच्यामुळे, त्यामुळे श्रीरंगही त्यांच्यापुढे पाय जुळवून बसायचा. बाईंचे मिस्टर वारले, मुलगा केल्विन न्यूझीलंडला गेला. घरात बाई आणि त्यांची नणंद आल्बिना, दोघीच. घराला समुद्राच्या अंगाला तीन मोठ्या खिडक्या. मधल्या खिडकीशी बाईंची आरामखुर्ची. लग्न होऊन आल्यापासून संध्याकाळ झाली की बाई तिथे बसायच्या आणि सुरूच्या झाडांमधून दिसेल तेवढा समुद्र बघायच्या. पेपर तपासले ते तिथेच, केल्विनला झोपवलं ते तिथेच.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून दोघी घरी आल्या की केल्विन लॅपटॉपवर यायचा. फोन होताच, पण बाईंच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना फोनवरची नात वाटाण्याएवढी दिसायची. हा लॅपटॉप केल्विनचाच, कॉलेजातला. सुरू व्हायला इतका वेळ लावायचा की आल्बिना तोवर कोलंबी सोलून घ्यायची.

श्रीरंग म्हणाला, “फॉरमॅट मारून सिस्टिम नवीन टाकतो. नुसता पळेल.”

शनिवारी त्यानं फोटोबिटो बाहेर काढून ठेवले. रविवारी सकाळी बाईंनी घराची चावी त्याच्या हातात दिली आणि दोघी चर्चला गेल्या. मीही त्याच्याबरोबर होतो. यंत्रातलं मला काही कळत नाही, पण रविवारी आल्बिनाच्या हातचं बोंबलाचं सुकं असतं, ते कळतं. श्रीरंगनं सगळं पुसलं, नवीन सिस्टिम टाकली. लॅपटॉप खरोखर चटकन उघडला. मला म्हणाला, “बघितलंस?” मी म्हटलं, “बघितलं.” कौतुकाचा पहिला हप्ता मीच भरला.

बाई आल्या. केल्विन पडद्यावर आला. त्याच्या पुढ्यात छोटी प्रीतल, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हात जोडून. आजीनं फोनवरून शिकवलेलं ‘नमो मारिया’ ती त्या दिवशी पहिल्यांदा न अडखळता म्हणून दाखवणार होती. पोरीनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

आवाज नाही.

“अरे, पोर मुकी झाली काय?” आल्बिना म्हणाली.

श्रीरंगनं एक बटण दाबलं, मग दुसरं, मग सगळी. कोपऱ्यात आवाजाच्या खुणेवर लाल फुली. आत जाऊन बघितलं तर साउंडसमोर पिवळा त्रिकोण. ह्याचा अर्थ त्याला कळत होता. नवीन सिस्टिम टाकली की यंत्राला बोलतं करणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कंपनीच्या साइटवरून, नेमका त्याच मॉडेलचा घ्यायचा. श्रीरंगनं घेतला होता. पण लॅपटॉपच्या पोटावर जिथे मॉडेल नंबर छापलेला असतो, तिथे बाईंनी मारियामातेचं स्टिकर चिकटवलेलं. पुढची अक्षरं दिसत होती, शेवटची मातेच्या निळ्या वस्त्राखाली. देवीचं चित्र नखानं खरवडायचं कसं? श्रीरंगचा हात धजेना. इथवर त्याची चूक कुणीही पोटात घातली असती. पण बाई येईपर्यंत थांबून विचारायचं सोडून त्यानं यादीतलं वरचं मॉडेल अंदाजानं ठोकून दिलं.

पडद्यावर पोर ओठ हलवत होती. बाई श्रीरंगकडे बघत होत्या, तोंडी परीक्षेत पोराकडे बघावं तशा. श्रीरंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि त्याच्या तोंडून निघालं, “बाई, ही खारी हवा. स्पीकर आतून गंजलाय. तिथं माझा इलाज नाही.”

सगळ्यांना पटलं! न पटायला काय झालं? राजोडीत ग्रिल गंजतात, फ्रिज गंजतात, स्कूटरचा सायलेन्सर गळून पडतो. समुद्रावर कसलाही आळ घ्या, त्याच्याकडे वकील नाही.

पण बाई गणिताच्या. कारण कळलं की उपाय करणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिन्ही खिडक्या लावल्या आणि फटींत जुने टॉवेल कोंबले. आरामखुर्ची आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. रविवारी लॅपटॉपवर चित्र बघायचं आणि फोनवर आवाज ऐकायचा, असा प्रकार सुरू झाला. प्रीतलचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. आल्बिना वैतागली. “हवा खारी हाय म्हनून मानसानं कोंडून घ्यायचं? अंगाचं पानी पानी झालं!”

श्रीरंग त्या आठवड्यांत राजोडीकडे फिरकला नाही. मी विचारलं तर म्हणे, गुडघा दुखतो.

मग बाईंचा त्याला फोन आला. “श्रीरंगराव, केल्विन म्हणतो, ह्या हवेत यंत्र टिकत नाही तर मम्मी, तू काय टिकणार? घर विकून टाकूया म्हणतो. मलाही वाटतं, खिडक्या बंदच ठेवायच्या तर समुद्राजवळ कशाला राहायचं? तुमच्या बिल्डिंगमध्ये एखादा फ्लॅट बघाल? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.”

“बघतो,” श्रीरंग म्हणाला. तिथेही ‘नाही’ म्हणता आलं नाही.

त्या रात्रीचं जेवण पानात तसंच राहिलं. पुढचं मला यमुनावहिनींनी सांगितलं, आणि वहिनी तिखटमीठ लावत नाहीत, ते खातं माझ्याकडे आहे.

वहिनींनी विचारलं, “स्पीकर गंजला म्हणता, मग हेडफोन लावून बघितलात? तो तर गंजला नव्हता ना?”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“त्यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं.”

श्रीरंगनं कपाळावरचा चष्मा काढून पानाशेजारी ठेवला. मग म्हणाला, “यमुना, मी त्या माऊलीचं घर बुडवतोय.” आणि सगळं सांगितलं. वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर मला म्हणाला. त्या फक्त म्हणाल्या, “रविवारी जा. आणि चष्मा डोळ्यांवर लावून जा.”

रविवारी मी आधीच बोंबलासमोर बसलो होतो. श्रीरंग आला तो थेट लॅपटॉपजवळ. घरात कोंदट वास, भर सकाळी दिवा लावलेला. त्यानं लॅपटॉप उपडा केला. खाली मान घालूनच विचारलं, “बाई, हे स्टिकर काढू का? खालचा नंबर हवाय.”

“काढा की. दुसरं लावीन. मारियामाता काय रुसते?”

एवढंच. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर एवढंच होतं. श्रीरंगनं अलगद स्टिकर सोडवलं, दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं, नंबर वाचला, बरोबर ड्रायव्हर घेतला. लॅपटॉप बंद करून सुरू केला. लाल फुली गेली. थोड्या वेळानं केल्विनचा कॉल लागला आणि खोलीत प्रीतलचा आवाज घुमला, “आजी! तुला ऐकू येतंय?”

बाईंनी हात तोंडावर धरला. आल्बिना ओरडली, “गंज काढला रे, गंज काढला! कॉम्प्युटरकाका म्हनतात ते उगाच नाय!” तिनं केकचा हा मोठा तुकडा श्रीरंगच्या बशीत घातला. केल्विन म्हणाला, “थँक यू, अंकल! पण मम्मी, आज काढला, उद्या परत गंजेल. फ्लॅटचं बघच.”

मी श्रीरंगकडे बघत होतो. असं कौतुक त्यानं जन्मात मिळवलं नव्हतं. सुटका समोर होती, नुसतं ‘हो’ म्हणायचं आणि केक खायचा. त्यानं बशी बाजूला सरकवली. कान पुन्हा लाल.

“केल्विन, गंज नव्हता,” तो म्हणाला. “कधीच नव्हता. मी चुकीचा ड्रायव्हर टाकला होता. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हा सगळ्यांसमोर मला… मला बोलता आलं नाही. म्हणून हवेचं नाव घेतलं.”

इतके रविवार आवाज नव्हता म्हणून खोळंबले होते. आता आवाज होता, तर कुणी बोलेना. केल्विन पडद्यावर खाली बघत राहिला. आल्बिनानं केकची सुरी ठेवून दिली.

बाई वळून बंद खिडक्यांकडे बघत होत्या. टॉवेल कोंबलेल्या फटी, खुर्चीची रिकामी जागा. मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “श्रीरंगराव, उत्तर चुकलं म्हणून मी कधी कुणाला मारलं नाही. शेजारच्या पोराचं नाव पुढे करणाऱ्याला मात्र उभं करायचे.”

श्रीरंग उठून उभा राहिला. खरंच राहिला, साठी उलटलेला माणूस, हात मागे बांधून.

“नुसते उभे राहू नका. खिडक्या उघडा.”

त्यानं टॉवेल ओढून काढले. कडी ओढली. हलेना. इतके दिवस बंद, वरून ही हवा. कड्या गंजून बसल्या होत्या. श्रीरंग जोर लावी, घाम पुशी, आमच्याकडे न बघता पुन्हा जोर लावी. आल्बिनानं खोबरेल तेलाची बाटली त्याच्या हातात ठेवली. शेवटी मीच उठलो आणि बत्त्यानं दोन ठोके मारून दिले.

“आजी, ठकठक कसली?” प्रीतलनं विचारलं.

“काम चाललंय, बाळा. तू म्हण तुझं.”

मधली खिडकी करकरत उघडली आणि वारा आत आला. पोर ‘नमो मारिया’ म्हणत होती, बाई ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर. श्रीरंगनं आतल्या खोलीतून आरामखुर्ची उचलून आणली, खिडकीशी ठेवली आणि मग उरलेल्या दोन कड्यांना तेल लावत आमच्याकडे पाठ करून राहिला. प्रार्थना संपली तरी वळला नाही.

फ्लॅटचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना बाईंनी त्याचा केक डब्यात घालून दिला. “यमुनाबाईंना द्या,” म्हणाल्या. ‘तुम्ही खा’ म्हणाल्या नाहीत.